तीन आकडे आणि एक जुनं आडनाव

पत्र एका संशोधक वाचकाचं आहे. त्या गेली पंधरा वर्षं कोळी या आठपायी जिवांच्या वर्गीकरणावर, म्हणजे त्यांच्या प्रजाती ओळखून नावं देण्यावर, काम करतात. वरच्या पदासाठी अर्ज भरायचा आहे आणि त्यात एच-इंडेक्सचा, म्हणजे लेखांना इतरांनी किती उद्धृत केलं त्यावरून काढलेल्या आकड्याचा, रकाना आहे. संशोधनलेखांच्या तीन डेटाबेसपैकी गूगल स्कॉलर ९ दाखवतं, स्कोपस ५ आणि वेब ऑफ सायन्स ४. यातला खरा कोणता, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांच्याच बरोबर पीएच.डी. झालेली एक मैत्रीण पेशीजीवशास्त्रात आहे. तिचा आकडा २१ आहे, आणि तो पाहिल्यापासून आपली पंधरा वर्षं वाया गेली असं त्यांना वाटू लागलं आहे. स्कोपसमधल्या आपल्या लेखांची सायटेशन, म्हणजे प्रत्येक लेख इतर लेखांत किती वेळा उद्धृत झाला ते आकडे, त्यांनी लिहून पाठवली आहेत : ३१, १८, १२, ९, ६, ५, २, १. लग्नाआधीच्या आडनावाने आलेले आणखी दोन लेख, १४ आणि ८ सायटेशनचे, तिथे 'वेगळ्याच नावावर' दिसतात, पण जुने म्हणून त्यांनी ते सोडून दिले. एका सहकाऱ्याने सुचवलं आहे की पाच-सहा जणांनी मिळून एकमेकांचे लेख ठरवून उद्धृत करावेत. त्याच आठवड्यात एका जर्नलचं मेलही आलं : इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) ७.८, दहा दिवसांत प्रकाशनाची हमी. 'सरळ राहून मागे पडायचं, की सगळे करतात तेच करायचं?' असं विचारून त्यांनी पत्र संपवलं आहे.

तुमचं पत्र वाचताना माझी नजर अडकली ती त्या दोन जुन्या लेखांपाशी. बाकी सगळं तुम्ही कळकळीने लिहिलंत आणि हे एका ओळीत उरकलंत. मी बरीच वर्षं ग्रंथालयात संशोधकांच्या प्रोफाइल तपासायचं काम करते, आणि अशी सोडून दिलेली ओळ मला पुष्कळदा भेटते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. लेखाचा क्रमांक जोवर त्याच्या सायटेशनच्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान आहे, तोवर पुढे जायचं. तुमच्या यादीत पाचव्या लेखाला ६ सायटेशन आहेत, म्हणजे ५ पर्यंत पोचलो. सहाव्याला ५ आहेत, तिथे थांबलो. एच-इंडेक्स ५. आता ते १४ आणि ८ यादीत घाला : ३१, १८, १४, १२, ९, ८, ६, ५, २, १. सहाव्या लेखाला ८ आहेत. एच-इंडेक्स ६.

सहकाऱ्याची योजना काय देणार होती तेही याच यादीत पाहा. पाच सायटेशनवाल्या लेखाला आणखी एक मिळालं असतं, की आकडा ६ झाला असता. म्हणजे ज्या एका अंकासाठी तुम्ही झोप घालवता आहात, तो तुमचाच आहे आणि जुन्या आडनावाखाली पडून आहे. स्कोपसमध्ये लेखकाच्या दोन प्रोफाइल एकत्र करायची विनंती करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, संस्थेने वर्गणी भरलेली असण्याचीही गरज नाही. लेखकाचं नाव शोधायचं, दोन्ही प्रोफाइल निवडायच्या आणि या एकाच व्यक्तीच्या आहेत असं कळवायचं. सोबत ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक काढून त्यात दोन्ही आडनावं नोंदवा. नाव बदललेल्यांची, आद्याक्षरं कधी लिहिणाऱ्यांची तर कधी गाळणाऱ्यांची, किंवा ज्यांच्या नावाचं रोमन स्पेलिंग दर लेखात निराळं आहे अशा सगळ्यांची प्रोफाइल फुटण्याचा संभव असतो. आपला आकडा कुठेही लिहिण्याआधी प्रत्येकाने स्वतःला सगळ्या स्पेलिंगांनी एकदा शोधून पाहावं.

आता 'खरा कोणता' हा प्रश्न. तुम्ही असं धरून चाललात की एक आकडा खरा आणि बाकीचे दोन चुकलेले. स्कोपसमधून निसटलेले ते दोन लेख सोडले, तर तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघांचं मोजायचं आवार निराळं आहे. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक जर्नलं घेतात आणि त्यांच्या संदर्भसूचीतलं मोजतात. गूगल स्कॉलर वेबवर जे विद्वत्तापूर्ण वाटेल ते घेतं : प्रबंध, अहवाल, पुस्तकं, छापण्याआधीचे मसुदे. वर्गीकरणाचं बरंच काम स्थानिक संग्रहालयांच्या पत्रिकांत, प्रबंधांत आणि एकाच गटावरच्या जाड ग्रंथांत, म्हणजे मोनोग्राफमध्ये, होतं, त्यामुळे तुमच्या विषयात गूगलचा आकडा मोठा येणं अगदी स्वाभाविक आहे. पण गूगलचं जाळं मोठं असलं तरी त्याला राखण नाही. २०१० साली सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आइक अँटकेअर नावाचा एक काल्पनिक लेखक तयार केला. त्याच्या नावावर संगणकाने रचलेले, एकमेकांना उद्धृत करणारे निरर्थक लेख वेबवर ठेवले, आणि गूगल स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स ९४ झाला. म्हणून तुमचा ९ खोटा ठरत नाही. पण निवड समिती स्कॉलरच्या आकड्याकडे जरा हात राखून का पाहते, ते यावरून कळेल.

वेब ऑफ सायन्सच्या ४ बद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. तिथे काय दिसतं ते संस्थेने कोणत्या सूची आणि किती मागच्या वर्षांपर्यंतचा संग्रह घेतला आहे त्यावरही ठरतं. त्यामुळे एकाच संशोधकाचा आकडा दोन संस्थांच्या संगणकांवर वेगळा दिसू शकतो. अर्जात म्हणूनच नुसता आकडा लिहू नका. कोणता डेटाबेस, कोणत्या तारखेला पाहिला, हे शेजारी लिहा. त्या पडद्याचं चित्रही जपून ठेवा.

वेब ऑफ सायन्समध्येच तुमच्या फार उपयोगाची एक खिडकी आहे : साइटेड रेफरन्स सर्च. नेहमीचा शोध फक्त तिथे नोंदलेले लेख दाखवतो. हा शोध उलट्या बाजूने जातो. दुसऱ्यांच्या संदर्भसूचीत तुमचं नाव कुठे कुठे आलं आहे ते तो दाखवतो, मग मूळ काम त्या डेटाबेसमध्ये असो वा नसो. आडनाव, आद्याक्षर आणि त्यापुढे तारांकन (*) टाका, म्हणजे पुढची अक्षरं काहीही असली तरी नोंद सापडते. तुमचा मोनोग्राफ तिथे तीन-चार रूपांत सापडला तर नवल नाही : कुणी वर्ष चुकवलेलं, कुणी खंड क्रमांक गाळलेला, कुणी नाव उलटंसुलटं लिहिलेलं. प्रत्येक चुकीची नोंद म्हणजे एक खरं उद्धरण, जे तुमच्या आकड्यातून निसटलं आहे. जुन्या आडनावानेही हाच शोध घ्या. स्कोपसमध्ये अशा नोंदी 'सेकंडरी डॉक्युमेंट्स' म्हणून वेगळ्या मिळतात.

मैत्रिणीच्या २१ बद्दल. ती तुमची मैत्रीण आहे आणि तिचं यश तुम्हाला खुपतं आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला खुपते आहे ती तुलना, आणि ती तुलनाच जुळत नाही. पेशीजीवशास्त्रात लेखांच्या संदर्भसूची लांब असतात, माणसं पुष्कळ असतात, आणि काल आलेला लेख आज उद्धृत होतो. तुमच्याकडे एखाद्या प्रजातीचं वर्णन चाळीस वर्षांनी कुणाला तरी लागतं. त्याहून मोठी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. प्रजातीचं नाव लिहिताना त्यापुढे वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहितात, पण ते मूळ वर्णन पुष्कळदा संदर्भसूचीत येतच नाही. आणि डेटाबेस मोजतो ती संदर्भसूची. युरोपातल्या बागांत आढळणाऱ्या कोळ्याच्या नावापुढे आजही 'क्लर्क, १७५७' लिहिलं जातं. प्राण्यांची अधिकृत नावं लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात; त्याआधीचं असूनही प्राणिनामांच्या नियमांनी अपवाद म्हणून मान्य केलेलं ते काम आहे. अडीचशेहून जास्त वर्षं जगभर त्याचा वापर चालू आहे, आणि त्याचा फारच थोडा भाग सायटेशन म्हणून कुठे जमा झाला असेल. तुमच्या नावाच्या प्रजातींचंही तेच होतं आहे.

तुम्ही वर्णन केलेल्या प्रजातींची नावं अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरमध्ये एकेक शोधून पाहा. तो लेखाच्या अंगातही शोधतो, त्यामुळे तुमचा लेख उद्धृत न करता तुमची प्रजाती वापरणारे लेख सापडतील. मग वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग उघडा. बर्नच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात सांभाळलं जाणारं हे काम तुम्ही रोजच वापरत असाल, पण स्वतःच्या कामाचा हिशेब मांडायला कधी वापरलंत का? पन्नास हजारांहून जास्त प्रजातींपैकी प्रत्येकीखाली तिचं वर्णन, चित्रण, पुनर्वर्णन कुणी कधी केलं याची वर्षवार नोंद तिथे असते. तुमच्या प्रजातींखाली नंतर आलेली नावं मोजा. तुमच्या क्षेत्रापुरता हा तिन्ही डेटाबेसपेक्षा बारीक ताळेबंद आहे, आणि तुमच्या विषयातल्या परीक्षकाला त्याचं मोल सांगावं लागणार नाही.

या सगळ्या मोजणीचा उगमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. यूजीन गारफिल्ड या अमेरिकी माहितीतज्ज्ञांनी १९५५ साली सायन्स या जर्नलमध्ये सायटेशन सूचीची कल्पना मांडली. तेव्हा त्यांच्यापुढे अमेरिकी वकिलांची शेपर्ड्स ही सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कुणी घेतला, कुणी तो फिरवला, हे वकील तीत पाहत. संशोधकालाही तसं पाहता यावं, जुन्या लेखावर पुढे कुणी बोट ठेवलं ते कळावं, म्हणून १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स आला. आधी हे शोधायचं साधन होतं, माणसांना गुण देण्याचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं. आणि शोधायचं साधन म्हणून ते आजही अतिशय सुंदर आहे, असं मला मनापासून वाटतं.

ते कसं, ते एका प्रसंगातून सांगते. काही वर्षांपूर्वी गोगलगायींवर काम करणारी एक संशोधक माझ्याकडे आली होती, तुमच्यासारखीच खचलेली. तिच्या एका लेखाला आठ सायटेशन होती. आम्ही ते आठही लेख छापून टेबलावर मांडले आणि प्रत्येकात तिचं नाव आलेल्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली. पाच ठिकाणी ती प्रस्तावनेत होती, इतर सहा-सात नावांच्या झुपक्यात. तिथे तिचा लेख कुणी उघडला होता की नाही, सांगता आलं नसतं. दोघांनी तिची ओळख-कुंजी, म्हणजे प्रजाती पायरीपायरीने ओळखायचा तक्ता, घेऊन आपले नमुने ओळखले होते. आणि आठव्याने तिची एक प्रजाती दुसऱ्या वंशात (जीनसमध्ये) हलवली होती, पायरीपायरीने कारणं देऊन. ती त्या पानावर बराच वेळ थांबली. 'यांनी माझं प्रत्येक चित्र पाहिलंय,' म्हणाली. आठमधला सगळ्यांत बारकाईने वाचणारा वाचक तिला खोडून काढणारा होता, आणि डेटाबेसमध्ये तोही फक्त १ होता.

उलट टोकही पाहा. १९९८ साली द लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा एक लेख आला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. तो खूप उद्धृत झालेला आहे, आणि त्यातली पुष्कळ सायटेशन त्याला चूक ठरवणारी आहेत. यादीत मात्र सगळी बेरीजच होते.

तुमच्या ३१ सायटेशनच्या लेखावर असंच बसा. सगळे जमले नाहीत तरी दहा-बारा. गूगल स्कॉलरमध्ये लेखाखालच्या 'साइटेड बाय'वर जाऊन 'या लेखांमध्येच शोधा' अशा अर्थाची चौकट टिचकवली, की उद्धृत करणाऱ्या लेखांच्या आतही प्रजातीचं किंवा तुमचं नाव शोधता येतं. कुणी तुमची कुंजी वापरली, कुणी चित्रं तुलनेला घेतली, कुणी दुरुस्ती केली, हे चार ओळींत लिहिलं तर अर्जातल्या त्या रकान्याला शेजार मिळेल. रकाना भरायचाच आहे, तो भरा. त्याखालच्या मोकळ्या जागेत या चार ओळी द्या. एखाद्या लेखाची विषय, वर्ष आणि प्रकार लक्षात घेऊन केलेली तुलना हवी असेल तर स्कोपसमध्ये फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट मिळतो. तिथे १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या लेखांची जागतिक सरासरी. एखाद्या लेखापुरता तो सांगायला बरा. मोजक्या लेखांवरून काढलेली त्याची सरासरी मात्र एका लेखानेही बरीच हलते, म्हणून तीवर भिस्त ठेवू नका.

सहकाऱ्याच्या योजनेला 'नाही' म्हणा. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं, नाहीतर तुम्ही मला विचारलंच नसतं. पण नकार देताना एक सूक्ष्म गोष्ट सोडू नका. स्वतःचं किंवा ओळखीच्या माणसाचं काम उद्धृत करणं यात मुळात काही वावगं नाही. एखाद्या वंशावर जगात चारच माणसं काम करत असतील तर ती एकमेकांचं आणि स्वतःचं काम उद्धृत करणारच. २०२० साली वर्गीकरणातलं अग्रगण्य जर्नल झूटॅक्सा स्व-उद्धरणांचं, म्हणजे आपल्याच अंकांतल्या लेखांच्या उल्लेखांचं, प्रमाण जास्त म्हणून इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून वगळलं गेलं. वर्गीकरणतज्ज्ञांनी जोरदार हरकत घेतली आणि त्याच वर्षी तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा तुमची खरी, कामातून आलेली स्व-उद्धरणं लपवू नका. तुमच्या सहकाऱ्याच्या योजनेत उद्धरण आधी ठरतं आणि कारण नंतर शोधायचं असतं. शिवाय ठरलेल्या पाच-सहा नावांची देवाणघेवाण यादी नीट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. सहकाऱ्याशी संबंध तोडायचे नसतील तर त्याला सांगा की लेख पाठव, मी वाचेन, माझ्या कामाला लागत असेल तर जरूर उद्धृत करेन.

राहिलं ते मेल. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे, तुमच्या लेखाचा नाही. २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२३ आणि २०२४ मध्ये त्या जर्नलात आलेल्या मजकुराला २०२५ या वर्षात मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन आणि आढावा लेख. ही सरासरी किती फसवी असू शकते ते स्फटिकशास्त्रातल्या अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलने दाखवलं. २००८ साली त्यात शेलएक्स या संगणकप्रणालीवरचा एक लेख आला आणि तो सगळ्यांनी उद्धृत केला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, तो २००९ साठी जवळपास ५० झाला. तो एक लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला आणि आकडा पुन्हा २ च्या आसपास आला. शेजारच्या लेखांत मधल्या काळात काहीच बदललं नव्हतं. आणि चाळीस वर्षांनी लागणारं तुमचं काम दोन वर्षांच्या खिडकीत कितीसं मावणार?

त्या ७.८ ची शहानिशा पाच मिनिटांत होईल. हा आकडा अधिकृतपणे फक्त वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये मिळतो. त्यांची मास्टर जर्नल लिस्ट सर्वांना मोफत खुली आहे. तिथे जर्नल नावाने न शोधता आयएसएसएन या जर्नलच्या ओळखक्रमांकाने शोधा, कारण नामांकित जर्नलांची नावं आणि संकेतस्थळं हुबेहूब उचलणारे लोक आहेत. स्कोपसची जर्नल-यादीही मोफत पाहता येते. तिथे कोणत्या वर्षांपर्यंतचे अंक घेतले आहेत ते बघा, कारण काही जर्नलं मधूनच वगळलेली असतात. इम्पॅक्ट फॅक्टरच्या आधी 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणं दिसली, तर तो आकडा बहुधा विकत मिळालेला असतो. आणि दहा दिवसांत हमखास प्रकाशन म्हणजे तुमच्या कोळ्यांची चित्रं कुणी नीट पाहणारच नाही. एवढी मेहनत तिथे देऊ नका. चुकीच्या ठिकाणी छापलेलं वर्णन मागे घेऊन पुन्हा छापणं प्राणिनामांच्या नियमांमुळे किती किचकट होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार.

अर्ज देण्याआधी संस्थेच्या कार्यालयात एक विचारून ठेवा : डोरा या संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या जाहीरनाम्यावर संस्थेची सही आहे का? डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीजीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक बैठकीत त्याची सुरुवात झाली, म्हणजे तुमच्या मैत्रिणीच्या विषयातल्या लोकांकडूनच. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची नेमणूक किंवा बढती ठरवू नये, असं ते जाहीरनाम्यात सांगतात. सही असेल तर तुमच्या चार ओळीही समितीने वाचाव्यात, असं नम्रपणे म्हणायला तुम्हाला आधार मिळेल. नसेल तरी त्या ओळी द्याच.

प्रोफाइल जोडायची विनंती मात्र आजच पाठवा. ती मंजूर होऊन आकडा बदलायला वेळ जातो, आणि अर्जाची शेवटची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. तोवर अर्ज द्यावाच लागला, तर स्कोपसचे दोन्ही प्रोफाइल क्रमांक द्या, दोन्ही आडनावं लिहा आणि दहाही लेखांची यादी सोबत जोडा. १४ आणि ८ वाले लेखही त्यात आपापल्या जागी असू द्या, तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकावर.